यास्मिनचं मी खोडलेलं वाक्य

गफूरभाई कधी फाटकाच्या आत येत नाहीत. कुकरची शिट्टी बदलून आणलेली असो की ईदचा शीरखुर्मा, बाहेर उभं राहून ते "सर" अशी हाक मारतात, जरा थांबतात आणि पुन्हा "सर" म्हणतात. त्या दिवशी दुपारी ते फाटक उघडून, पायऱ्या चढून, चिखलाच्या चपलांसकट थेट माझ्या खोलीत आले. मी जेवून आडवा होण्याच्या बेतात होतो. तीन दिवसांची झड नुकतीच थांबली होती आणि पन्हाळीतून पाणी टपटपत होतं. फरशीवर उमटलेले पाय बघून मी काहीतरी तिरकस बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "सर, यास्मिन गेली." मी विचारलं, "कुठे गेली?" सकाळीच तर ती माझ्याकडून निघाली होती, मला ठाऊक होतं कुठे गेली ते... तरी विचारलं. गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा म्हणाले, "यास्मिन गेली, सर." तेव्हा कळलं.

यास्मिन शेख माझी विद्यार्थिनी. अहेरीच्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत मी तिला मराठी शिकवलं, आणि पुढे अठरा-एक वर्षं ती आपलं लिहिलेलं माझ्याकडून तपासून घेत राहिली. तिच्या चाळिसाव्याची फातेहा मागच्या आठवड्यात झाली. पुरवणीच्या संपादकांनी तिच्यावर लिहाल का म्हणून विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. मास्तर माणूस, लिहायला सांगितलं की अंगात येतं. पण बसलो तेव्हा कळलं, हुशार होती, गुणी होती, असलं काही मला लिहायचंच नाही. मला एका वाक्याबद्दल लिहायचं आहे. ते तिनं लिहिलं होतं आणि मी खोडलं होतं. ते मी खोडलं नसतं तर त्या सकाळी ती त्या रस्त्याला लागलीच नसती.

गफूरभाई कल्हईवाले. आता कल्हईला कोण येतंय, सगळीकडे स्टील झालं, म्हणून ते स्टो आणि कुकर दुरुस्त करतात. पण यास्मिन लहान असताना आठवडी बाजारात त्यांचा भाता चालायचा आणि पुढ्यात पितळी भांड्यांचा ढीग असायचा. पातेली, गंज, परात, सगळी एकसारखी. भांड्याच्या काठावर नाव कोरलेलं, तेवढीच काय ती ओळख. फार पूर्वी एकदा त्यांच्या हातून एका घरचा लग्नातला गंज दुसऱ्याच घरी गेला आणि दोन घरांत अशी जुंपली की पुढची कितीतरी वर्षं ती एकमेकांच्या दारात गेली नाहीत. तेव्हापासून गफूरभाईंनी नियम केला. भांडं हातात धरायचं, नाव मोठ्यानं वाचायचं, थांबायचं. घेणारा "हो, माझंच" म्हणाला की पुन्हा एकदा वाचायचं, तो पुन्हा हो म्हणाला की मगच हात सोडायचा. लोक वैतागायचे. मीही वैतागलोय. "अहो गफूरभाई, वीस वर्षं ओळखता मला!" तर म्हणायचे, "तुमाले ओळखतो जी, भांड्याले नाई ओळखत." बाजूला दोन वेण्या घातलेली यास्मिन बसलेली असायची. वाचता यायला लागल्यापासून नावं वाचायचं काम तिचं होतं, आणि तिनं घाई केली की बाप म्हणायचा, "नाव वाच, मंग दे. बेटा, नाव वाच."

ही दोनदा सांगायची सवय ती शाळेत घेऊन आली. निबंधात एक गोष्ट सांगून झाली की दोन ओळींनंतर तीच वेगळ्या शब्दांत पुन्हा यायची. मी पडलो लाल पेनाचा माणूस. पाल्हाळ दिसलं की माझं डोकं उठतं. "पुनरुक्ती" असं समासात लिहून मी सरळ रेघ मारायचो, पट्टी लावून. वर्गात सांगायचो, वाचणारा शहाणा असतो, त्याच्यासाठी काही जागा सोडा, सगळं भरवू नका. पोरं माना डोलवायची. यास्मिन एकदा उभी राहून म्हणाली, "सर, पण त्याचं ध्यान दुसरीकडे असन तर?" वर्ग हसला. मीही हसलो, आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

चंद्रपूरला ती कॉम्प्युटर शिकली, मग पुण्याला नोकरीला लागली आणि आई वारल्यावर बापासाठी परत आली. नोकरी मात्र घरून चालू. काय करतेस म्हटलं तर म्हणाली, "सर, एजंटाईसाठी लिहितो." आमच्याकडे एजंट म्हणजे एक तर विम्याचा, नाहीतर कचेरीच्या दाराशी उभा राहणारा. मी म्हटलं, "त्यांना कशाला लिहून द्यावं लागतं, ते तर तोंडानंच जग विकतात." ती खूप हसली. मग तिनं समजावलं. कॉम्प्युटरमधला हा एजंट म्हणजे आपण सांगू ते काम स्वतःच्या हातानं करणारं यंत्र. अमुक बाईचा अर्ज भर म्हटलं की तो ब्राउझर उघडतो, सरकारी पान शोधतो, रकाने भरतो, बटण दाबतो. त्याच्या हाताशी छोटी छोटी अवजारं दिलेली असतात, आणि कुठलं अवजार कशासाठी, कधी वापरायचं, कधी नाही, हे लिहिलेला एक कागद असतो. काम करताना तो कागद त्याच्यापुढे असतो आणि त्यात लिहिलंय तसं तो वागतो. ते कागद लिहिणं हा तिचा धंदा.

चंद्रपूरच्या एका संस्थेनं आमच्या दक्षिणेकडच्या गावांत अर्ज भरण्याची चौदा केंद्रं उघडली आणि असे एजंट तिथे बसवले, तेव्हा कागद लिहायला यास्मिनलाच बोलावलं. माणसानंही वाचावा आणि यंत्रानंही, म्हणून मराठीत. त्यातलं एक अवजार कुकीज पुसण्याचं. मला काही कळेना, तेव्हा तिनं मार्कंड्याच्या जत्रेतला आकाशपाळणा आठवायला सांगितला. तिकीट काढलं की पाळणेवाला मनगटावर शाईचा शिक्का मारतो, मग पुन्हा विचारत नाही. ब्राउझरमध्ये तसाच शिक्का राहतो, त्याला कुकी म्हणायचं. एका माणसाचं काम संपलं आणि शिक्का पुसला नाही, की पुढच्या माणसाचा अर्जही पहिल्याच्याच नावानं आत जातो. सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी तसं झालंही होतं. म्हणून दर माणसानंतर एजंटानं स्वतःच शिक्का पुसायचा. "अब्बाच्या भांड्याईसारखंच हाये, सर," ती म्हणाली. "याचं त्याच्या घरी जाऊ नये, एवढंच."

एका रविवारी सकाळी ती तो कागद घेऊन आली. नेहमीसारखी खिडकीपाशी बसली, पाणी प्यायली आणि पेला खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घालून ठेवला. ही तिची सवय. आमच्या घरात पेला पालथा दिसला की सौ. म्हणायची, यास्मिन येऊन गेली वाटतं. कागद एका पानाचा होता. त्यात लिहिलं होतं: "एका माणसाचं काम पूर्ण झाल्यावर कुकीज पुसा. पोच क्रमांक पडद्यावर दिसल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका. तोवर काहीही पुसू नका." मी पट्टी घेतली आणि दुसऱ्या वाक्यावर, त्याच्या 'तोवर'च्या शेपटासकट, लाल रेघ मारली. "पूर्ण झाल्यावर म्हटलंस ना? मग पोच आलीच त्यात. अर्ज दिला आणि पोच घेतली नाही, असं कोणी करतं का?" ती म्हणाली, "सर, राहू द्या न ते." मी म्हटलं, "अगं, वाचणाऱ्याला मूर्ख समजू नये." त्यावर ती जे म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मूर्ख नाई हाये तो, सर. पण त्याले जेवढं सांगितलं तेवढंच तो करते. अन् पुसलं की मागं काईच राह्यत नाई." मी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणालो, "शहाण्याला शब्दाचा मार." तिनं कागद घडी करून ठेवला.

ती पुण्याच्या मोठमोठ्या लोकांशी वाद घालायची. मी स्वतः ऐकलंय, फोनवर इंग्रजीत, आवाज न चढवता, पण एक पाऊल मागे न घेता. माझं मात्र तिनं ऐकलं. का, तर सरांनी तपासलं. आमच्याकडे अजून ही रीत आहे, मास्तरानं खोडलेलं पोरं पुन्हा लिहीत नाहीत, ती पोरं चौतिशीची झाली तरी. त्या रीतीचा मला फार अभिमान होता. चौदाही केंद्रांच्या कॉम्प्युटरांवर माझ्या हातून सुटसुटीत झालेला कागद चढला आणि मी गावभर सांगत सुटलो की यंत्रसुद्धा आता माझं मराठी वाचतं.

दोनेक महिन्यांनी मल्लुबाई तलांडी अहेरीच्या केंद्रात आली. आतल्या गावची माडिया म्हातारी, मोहफुलं आणि चारोळी वेचणारी, बरोबर लेक. पेन्शनसाठी दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो तो तिनं वेळेत दिला होता, म्हणजे तिच्या समजुतीनं. तिच्या गावाजवळच्या केंद्रात अंगठा लावला, केंद्राचा चालक म्हणाला झालं, आणि ती नऊ किलोमीटर चालत घरी गेली होती. आता कचेरीत सांगत होते की दाखला आलेला नाही आणि यादीत नावापुढे 'हयात नाही' असं पडलंय. मी नेमका त्या वेळी केंद्रात होतो, माझ्याच कामासाठी. म्हातारी खुर्चीवर न बसता जमिनीवर बसली होती. तिनं यास्मिनचा हात धरून विचारलं, "मी मेली काय, बाई? नाई न? मंग कागद काऊन म्हणते?" माझ्या आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मलाही जरा गंमत वाटली, खोटं कशाला बोलू. यास्मिनचा चेहरा मात्र असा झाला की मी तिला विचारलं, "बरं नाही का तुला?" ती म्हणाली, "काई नाई, सर. तुमी जा घरी."

मी गेलो. नंतर काय झालं ते मला आता आता, तिच्याबरोबर काम करणाऱ्यांकडून कळलं. आपल्याकडे सरकारी पान गोल गोल फिरत बसतं. मल्लुबाईचा अर्ज भरून एजंटानं शेवटचं बटण दाबलं. पान फिरत राहिलं. कागदात लिहिलं होतं काम पूर्ण झाल्यावर पुसा. बटण दाबलं म्हणजे त्याच्या हिशेबी काम पूर्ण. त्यानं पुसलं, आणि शिक्काच गेल्यावर त्या पानानं अर्ज आत घेतला नाही. तिकडे अर्ज पोचलाच नव्हता आणि इकडे त्याची खूणही उरली नव्हती. एजंटानं चालकाला सांगितलं, झालं. चालकानं म्हातारीला सांगितलं, झालं. कोणी खोटं बोललं नाही... आणि म्हातारी यादीतून मेली.

यास्मिननं पहिल्यांदा मल्लुबाईचा अर्ज स्वतः बसून भरला, आणि पडद्यावर पोच येईपर्यंत तिला उठू दिलं नाही. मग कागदात ते वाक्य परत घातलं. पण चौदा ठिकाणी चौदा प्रती होत्या, आणि त्या आपोआप बदलत नव्हत्या. एका चालकाला तिनं फोनवरून बदलायला सांगितलं तर त्यानं सगळा कागदच उडवला आणि एजंट दिवसभर भलतंच करत बसला. तेव्हा तिनं ठरवलं की स्वतः जायचं, पेनड्राइव्हवर नवा कागद न्यायचा, चढवायचा, आणि चालकाकडून ते वाक्य मोठ्यानं वाचून घ्यायचं. दोनदा. मला तिनं एवढंच सांगितलं, "थोडी गडबड होती, सर, फाईल बदलून राह्यलो सगळीकडे." काय गडबड, हे मी विचारलं नाही. उलट तिच्या स्कूटीकडे बघून चिडवलं, "काय, साहेबांची फिरती निघाली?" ती दर वेळी हसायची. मुलचेरा झालं, एटापल्लीकडचं झालं, सिरोंच्याच्या रस्त्यावरची तीन झाली. पाऊस लागला तरी तिची फिरती थांबेना. मला वाटायचं ही पोरगी कामाला उगाच फार चिकटते.

त्या सकाळी ती आली ती रेनकोट घालूनच. चौदावं केंद्र राहिलं होतं. पाऊस थांबला होता, पण उजेड असा की सकाळ आहे की संध्याकाळ कळू नये. सागाची पानं काळपट दिसत होती आणि गावातली कुत्रीसुद्धा गप्प होती. मला बरं वाटत नव्हतं. कारण काही नव्हतं, नुसतंच वाटत नव्हतं. मी म्हटलं, "आज नको. पाणी ओसरू दे, चार दिवसांनी जा." ती म्हणाली, "चार दिवसांत कितीक लोकं येऊन जातीन, सर." मला ते उत्तर कळलं नाही. कळलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. ती उभ्या उभ्याच पाणी प्यायली, तिनं पेला पालथा ठेवला आणि दारातून वळून मध्येच विचारलं, "सर, तुमी कोणाले कोणती गोष्ट दोनदा नाई सांगत, नाई?" मी म्हटलं, "गरजच काय?" ती हसली आणि डोक्याला हेल्मेट घातलं. स्कूटी सुरू झाल्यावर मी पायरीवरून ओरडलो, "नाल्यावर पाणी असलं तर परत फिर." तिनं हात केला. तो माझं ऐकून केला की सहज निरोपाचा केला, हे मला माहीत नाही. हेल्मेट होतं, गाडीचा आवाज होता. मी पुन्हा ओरडलो नाही. एकदा सांगितलं होतं ना.

त्या रस्त्यावर पूल नाही, नाल्यातून जाणारा ठेंगणा रपटा आहे. वर पाऊस थांबलेला असला तरी डोंगरातलं पाणी उशिरा उतरतं हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, यास्मिनला नसेल कसं? पलीकडे गुरं घेऊन उभ्या असलेल्या एका माणसानं पाहिलं. ती थांबली होती म्हणे. गाडीवर बसूनच पाण्याकडे बघत होती, मग घड्याळ बघितलं. पाणी घोट्याएवढंच दिसत होतं. ती मधोमध असताना लोंढा आला. गाडी रपट्याच्या दगडाला अडकून राहिली. ती दोन वळणं खाली, करंजाच्या मुळ्यांत सापडली. कब्रस्तानात मातीसुद्धा ओली होती, मुठीत धरली की सुटत नव्हती. गफूरभाई माती टाकताना काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं दुआ. जवळ गेलो तर ते तिचं नाव घेत होते आणि थांबत होते, पुन्हा नाव घेत होते आणि थांबत होते. समोरून हो म्हणायला कोणी नव्हतं.

आठ दिवसांनी गफूरभाई परत आले, या वेळी फाटकाबाहेरच थांबले. स्कूटीच्या डिकीत सापडलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी माझ्याकडे दिली. पिशवीला गाठ इतकी घट्ट होती की आतलं सगळं कोरडं. पेनड्राइव्ह होता, चौदा केंद्रांची यादी होती, तेरांवर खूण केलेली. आणि माझा कागद. म्हणजे तिचा कागद, माझ्या लाल रेघेसकट. पट्टी लावून मारलेली सरळ रेघ. यादीच्या खाली, केंद्रचालकांना काय काय सांगायचं ते तिनं पेन्सिलीनं टिपून ठेवलं होतं. म्हातारीचं नाव सांगावं. ते वाक्य समोर दोनदा वाचून घ्यावं. आणि सगळ्यात शेवटी: "वाक्य खोडल्यानं काय झालं ते सरांच्या कानावर जाऊ नये." गफूरभाईंना वाचता येतं. पिशवी आणून द्यायच्या आधी त्यांनी ती उघडून पाहिली होती की नाही, हे मी त्यांना विचारलेलं नाही. ते तसेच फाटकाशी उभे होते. मग म्हणाले, "तुमच्या पाशीच ठेवा, सर." आणि जरा थांबून, "तुमच्या पाशीच ठेवा."

पाणी उतरल्यावर मी चौदाव्या केंद्राला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. चालक भला मुलगा आहे आणि दोष त्याचा नाही. त्या सकाळी ती कशासाठी येत होती हे त्याला ठाऊक नव्हतं. मधल्या सगळ्या दिवसांत त्यानं केंद्र चालूच ठेवलं होतं. मी विचारलं, "किती जणांचे अर्ज भरले?" तो म्हणाला, "लय जनाइचे, सर. पह्यले एकाले अर्धा घंटा लागे, आता पटापट होते. बटन दाबलं का साफ." पोच आली का प्रत्येकाची? तो विचारात पडला. नावं लिहून ठेवलीत? नव्हती. मी त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिलो. त्यावर धूळ नव्हती, डाग नव्हता, कोणाच्या बोटाचा ठसा नव्हता. नवा कागद चढवला आणि त्याला ते वाक्य वाचायला लावलं, मग पुन्हा वाचायला लावलं. तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला, म्हाताऱ्याला काहीतरी झालंय अशा नजरेनं.

चाळिसाव्याला मल्लुबाई आली होती. लेकीला घेऊन, अर्धी वाट चालत. लुगड्याच्या पदराला गाठ मारून तिनं पोच जपून ठेवली आहे, घामानं मऊ पडलेला चिठ्ठीएवढा कागद. तो उघडून मला दाखवला. ती आता यादीत जिवंत आहे. जिनं तिला जिवंत केलं ती त्या दिवशी मातीत होती, आणि ज्याच्यामुळे ती मेली होती तो समोर खुर्चीवर बसून तिच्याकडून पोच बघत होता. मी तिला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. ती म्हणाली, "मास्तर, बाई चांगली होती," आणि पदराला पुन्हा गाठ मारली.

मल्लुबाई परत आली म्हणून कळलं. जे परत आले नाहीत त्यांचं काय? चौदा केंद्रांवर दोन महिने, काहींवर त्याहून जास्त, माझा सुटसुटीत कागद चालला. कितीजण अंगठा लावून निश्चिंत मनानं घरी गेले असतील. कोणाचा दाखला, कोणाचा जमिनीचा दावा, कोणाच्या मुलीचा नर्सिंगचा अर्ज... पुसलेलं पुसलं गेलं, त्याची यादी कुठेच नाही. हल्ली बँकेत, कचेरीत, दवाखान्यात खिडकीपलीकडून कोणी "नाव नाई यादीत" म्हणालं की मी कान टवकारतो. मी मागे वळून त्या माणसाला विचारतो, अर्ज कुठल्या केंद्रात भरला होता? लोक घाबरतात. दोघं निघाले आतापर्यंत. अजून निघतील, हे मला पक्कं माहीत आहे, आणि किती हे मरेपर्यंत कळणार नाही.

खिडकीच्या कट्ट्यावरचा पेला आम्ही उचललेला नाही. सौ. रोज त्याच्या भोवतीनं पुसते. पालथा पेला, त्याच्याखाली तिचा घडी घातलेला कागद, आणि मी समोर बसून हे लिहितोय. लाल पेन खणात आहे.

आता पुरवणीच्या संपादकांना एक हात जोडून विनंती. लेख लांबला आहे, मला कळतं. कात्री लावायची तर माझ्या रडगाण्याला खुशाल लावा. पण तिचं वाक्य वर एकदा येऊन गेलंय म्हणून खालून काढू नका. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं की वाचणारा शहाणा असतो. असेल. त्याचं ध्यान दुसरीकडे असू शकतं, हे मला पाचवीतल्या एका मुलीनं सांगितलं होतं आणि मी हसलो होतो. म्हणून पुन्हा लिहितो आहे, तिच्या शब्दांत, एकही शब्द न गाळता.

पोच क्रमांक पडद्यावर दिसल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका. तोवर काहीही पुसू नका.